निवडुंगाच्या गावचा मृग

पावसाच्या बाबतीत मराठी माणसाला कोणी काही शिकवायला जाऊ नये. सात जूनच्या सुमारास मृग लागला की कोकणातल्या माणसाची नजर आपोआप नैर्ऋत्येकडे वळते, देशावरचा शेतकरी आभाळाकडे पाहून मनातल्या मनात हिशेब मांडतो, आणि मुंबईकर गेल्या वर्षीची छत्री उघडून तिच्या किती काड्या शाबूत आहेत ते मोजतो. आमच्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. यंदा कोल्हा की बेडूक, हत्ती की गाढव, यावरून पीकपाण्याचा अंदाज बांधणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना उपग्रहाच्या चित्रांचे फारसे कौतुक वाटत नाही. पुनर्वसूचा तो 'तरणा', पुष्याचा तो 'म्हातारा' आणि हस्ताचा तो 'हत्ती'. शिवाय भुरभुर, रिमझिम, सर, झड, वळीव, संततधार, मुसळधार असा शब्दांचा संसार निराळाच. लग्नातल्या रुखवतातही इतके प्रकार नसतात.

अशा माणसाला कोणी सांगितले, की 'आमच्या वाळवंटातही मान्सून येतो बरे का', तर तो काय म्हणेल? आमची धाकटी बहीण बारा वर्षे अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरी राहते. "दादा, एकदा आमचा मान्सून पाहायला ये," असे ती दर उन्हाळ्यात सांगे. शेवटी आम्ही रजा टाकली, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "पाऊस पाहायला वाळवंटात जायचे, मग पुढल्या वर्षी थंडी खायला चंद्रपूरला न्याल का?"

पण वाचकहो, हा मान्सून खरा आहे. तो थट्टेने ठेवलेले नाव नव्हे. मान्सून म्हणजे मुळात पाऊस नव्हेच, ऋतूप्रमाणे वाऱ्याने दिशा बदलणे म्हणजे मान्सून. ॲरिझोनाच्या मान्सूनचे माहेर मेक्सिको. उन्हाळ्यात तिथली जमीन तापते, वरच्या हवेतला जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, आणि एरवी पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे सोडून दक्षिणेकडचे, आग्नेयेकडचे दमट वारे वाहू लागतात. त्यांच्याबरोबर पॅसिफिक महासागर, कॅलिफोर्नियाचे आखात आणि मेक्सिकोचे आखात यांची वाफ येते. पश्चिम मेक्सिकोतल्या सिएरा माद्रेच्या डोंगरांवर हा पाऊस मनसोक्त कोसळतो आणि उरलासुरला ॲरिझोनाच्या वाट्याला येतो. पंगतीच्या अगदी टोकाला बसलेल्या माणसाला जिलबी मिळते, त्यातलाच हा प्रकार. मिळाली तर मिळाली, नाहीतर पाकावर समाधान!

सरकारी मृग

हा पाऊस केव्हा सुरू झाला असे मानायचे, याचा तिथल्या हवामानखात्याने घातलेला घोळ ऐकण्यासारखा आहे. पूर्वी नियम असा होता, की हवेतला दवबिंदू टूसॉनमध्ये ५४ अंश फॅरनहाइट आणि फीनिक्समध्ये ५५ अंश, असा सलग तीन दिवस राहिला की मान्सून लागला. म्हणजे पहिल्या दिवशी कोणालाच खात्री नाही, दुसऱ्या दिवशी नुसती कुजबुज, आणि तिसऱ्या दिवशी कळायचे, की मान्सून परवाच आला! पाहुणा दोन दिवस ओटीवर बसलेला आणि घरातली मंडळी पत्रिका पाहून तो कोण ते ठरवताहेत, असा देखावा. शेवटी २००८ साली खात्याने हा खटाटोप सोडून दिला आणि १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा मोसम असे एकदाचे जाहीर करून टाकले. आमच्या मृगाची ही अमेरिकन आवृत्ती.

फरक एवढाच, की टूसॉनला खरा पाऊस बहुधा जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यामुळे १५ जूनपासून दोन-तीन आठवडे असा एक काळ जातो, की कागदावर मान्सून चालू असतो, आणि प्रत्यक्षात डोळ्यांतले पाणीसुद्धा गालावर येईपर्यंत वाळते. कागदावर चालू असलेल्या गोष्टींची आपल्याला सवय असल्यामुळे आम्हांला यात नवल वाटले नाही.

उन्हाळ्याविषयी मात्र ती माणसे कमालीची विनोदी आहेत. वर्षात पहिल्यांदा पारा १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ३८ अंश सेल्सियसला टेकला, की टूसॉनकर म्हणतात, "सांताक्रूझ नदीवरचे बर्फ फुटले!" त्या नदीत बर्फ तर नाहीच, पण शहरातल्या बहुतेक पात्रात वर्षातले बरेच दिवस पाणीही नसते. वाळूच्या नदीवर पूल, पुलावर नदीच्या नावाची पाटी, आणि पाटीखाली उन्हात पहुडलेला सरडा, असा एकूण थाट.

आणि उकाड्याची तक्रार केली की ठरलेले उत्तर येते, "पण इथला उष्मा कोरडा आहे." आमच्या मेहुण्यांनी हे वाक्य पहिल्या दिवशी तीनदा ऐकवले. त्या कोरडेपणाच्या जोरावर तिथे पुष्कळ जुन्या घरांवर पाण्याचे कूलर बसवलेले असतात. नागपूर-अकोल्याच्या मंडळींना त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही, वाळ्याऐवजी दुसरे काही असते एवढेच. हवा कोरडी आहे तोवर ते यंत्र घर गार ठेवते. पण मान्सूनची वाफ आली, की त्याचे सगळे अवसान गळते. ते नुसती दमट झुळूक सोडू लागते आणि घराची धोब्याची भट्टी होते. म्हणजे ज्या पावसासाठी जीव टाकायचा, तो यायच्या आधी घरातला गारवा घेऊन जातो. नंतर देणारा आणि आधी घेणारा असा हा सावकारी पाऊस आहे.

दोन सांताक्रूझ

पावसाचे माप तिथे इंचाच्या शंभराव्या भागात घेतात. एक शतांश इंच म्हणजे आपला पाव मिलिमीटर. एवढ्या पावसात आपल्याकडे पापड वाळत घातलेली गृहिणी वरसुद्धा पाहणार नाही. आणि एक शतांशाहूनही कमी पडला तर? तर त्याचीही सरकारी नोंद होते. आकडा नाही, नुसता 'लेश'! पावसाचा लेश पडला, असे अधिकृत दप्तरात लिहिले जाते. संस्कृतातल्या 'लेशमात्र' शब्दाचा इतका काटेकोर उपयोग आमच्या काव्यशास्त्राच्या तासालाही होत नसेल.

टूसॉनची वर्षाची सरासरी सुमारे २७० मिलिमीटर. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक पाऊस मान्सूनचा. आता मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेची गोष्ट आठवा. २६ जुलै २००५ रोजी तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे आमच्या सांताक्रूझने एका दिवसात जे पाहिले, ते त्यांच्या सांताक्रूझकाठी साधारण साडेतीन वर्षांत पडते. नाव एक, रास एक, पण नशीब निराळे. आणि वाचकहो, कोणाचे चांगले, हे २००५ साली गळाभर पाण्यातून घरी चालत गेलेल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

शहराच्या उत्तरेला सांता कातालिना नावाचा डोंगर आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर माउंट लेमन. उंची सुमारे २,७९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. मान्सूनच्या दिवसांत दुपारी त्याच्या डोक्यावर कापसाच्या गंजीसारखे ढग चढू लागतात. तीनच्या सुमारास काळेभोर होतात. गडगडाट होतो. लोक व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसतात. आणि मग ढगांखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात. तो पाऊसच असतो, पण खालची हवा इतकी तापलेली आणि कोरडी, की तो जमिनीवर पोहोचण्याआधीच विरून जातो! शास्त्रज्ञ त्याला 'विर्गा' म्हणतात. आम्ही त्याला 'वरपक्षाचा होकार' असे नाव दिले. दिसतो, गडगडतो, सगळ्यांना नटूनथटून बसवतो, आणि दारापर्यंत येऊन परत जातो.

हबूब आणि हायकू

टूसॉनपेक्षा फीनिक्सची परी वेगळी. तिथे पावसाच्या आधी धूळ येते. दूरवर वादळ कोसळले की त्यातली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि वाळवंटातली माती उचलून तिची भिंत करून पुढे ढकलते. ५ जुलै २०११ रोजी अशी एक भिंत फीनिक्सवर चालून आली, तिची उंची दीड किलोमीटरहून अधिक होती. संध्याकाळच्या वेळी सगळे शहर जणू कोणी तांबड्या पोत्यात घातले.

या वादळाला 'हबूब' म्हणतात. शब्द अरबी, सुदानकडचा, वाऱ्याच्या वाहण्यावरून आलेला. हवामानशास्त्रज्ञांनी १९७२ सालीच 'एक अमेरिकन हबूब' अशा मथळ्याचा निबंध लिहून हा शब्द ॲरिझोनात वसवला होता. पण २०११च्या वादळानंतर काही नागरिकांना राग आला. आमच्या मातीला परदेशी शब्द कशाला, अशी पत्रे वर्तमानपत्रांत झळकली. भाषाशुद्धीचे वाद पाहत ज्याची हयात गेली, त्या मराठीच्या प्राध्यापकाला हे वाचून किती आपलेपणा वाटला असेल, याची वाचकांनी कल्पना करावी! गंमत अशी, की ज्या 'मान्सून' शब्दाला कोणीच हरकत घेतली नाही, तोही मूळचा अरबीच. 'मौसिम' म्हणजे ऋतू. अरबी खलाशांकडून तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि आपण तर 'मोसम' आणि 'मोसमी वारे' करून तो केव्हाच घरात घेतला. धूळ आपली आणि शब्द परका, असे म्हणणाऱ्यांना पाऊसही परक्या नावानेच घ्यावा लागतो.

हबूब आला तर मोटार रस्त्याच्या पार कडेला घ्यायची, सगळे दिवे विझवायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचा, असा तिथला नियम आहे. दिवे का विझवायचे? कारण मागून येणाऱ्याला काही दिसत नसते, तो तुमच्या लाल दिव्यालाच रस्ता समजून येतो आणि तुमच्यावर आदळतो. हा नियम लोकांच्या मनावर ठसावा म्हणून राज्याच्या वाहतूक खात्याने २०१२ पासून काही वर्षे चक्क हायकूंची स्पर्धा घेतली. विषय हबूब, मोजून सतरा अक्षरावयव. रस्त्यांच्या खात्याने कवींना हाक घालावी! आपल्याकडे खड्ड्यांवर महाकाव्य होऊ शकेल, पण कोणी मागवत नाही.

मूर्खांसाठी कायदा

हसता हसता थांबावे अशीही एक बाजू या पावसाला आहे. वाळवंटाची जमीन भाजलेल्या मडक्यासारखी टणक. तासाभरात इंच-दीड इंच पाऊस पडला तर ती तो पिऊ शकत नाही. मग कोरडे ओढे क्षणात दुथडी भरून धावतात, आणि रस्ते तर कितीतरी ठिकाणी या ओढ्यांमधूनच गेलेले. लोक अडथळे बाजूला सारून गाडी पाण्यात घालतात, मध्येच अडकतात, टपावर चढून बसतात, आणि मग त्यांना काढायला अग्निशामक दल जाते. कंटाळून ॲरिझोनाने १९९५ साली कायदा केला. अडथळा लावलेल्या, पाण्याने भरलेल्या रस्त्यात जो गाडी घालील, त्याने सुटकेचा खर्च स्वतः द्यावा, जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत. कायद्याच्या पुस्तकात त्याला सभ्य क्रमांक आहे, पण सगळे राज्य त्याला 'मूर्ख वाहनचालक कायदा' याच नावाने ओळखते.

पण सगळेच मूर्ख नसतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी राज्याच्या उत्तरेकडील अँटिलोप घळीत काही पर्यटक उतरले होते. घळ अरुंद, दोन्हीकडे वळणावळणाच्या गुळगुळीत दगडी भिंती. त्यांच्या डोक्यावर म्हणण्यासारखा पाऊस नव्हता. तो पडला होता मैलोगणती दूर, वरच्या अंगाला. तिथले पाणी लोंढा होऊन घळीत शिरले आणि अकरा माणसे गेली. त्या खडकांना ते देखणे रूप पाण्यानेच दिले आहे, हे तिथे उभे राहिल्यावर कळते, आणि मग कॅमेरा उचलायला हात होत नाही. आमच्या बहिणीचा एक नियम आहे. डोंगरावर काळे दिसले की मुलांना ओढ्याकाठी जाऊ द्यायचे नाही, अंगणात ऊन असले तरीही. कोकणातल्या आयांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

बेडूक, बाप्तिस्त आणि निवडुंग

पहिला जोरदार पाऊस पडला, त्या रात्री बाहेरून मेंढ्या ओरडल्याचा आवाज आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "इथे धनगरवाडा आहे वाटते?" पण ते होते बेडूक! पायाला फावड्यासारखी कड असलेली ही जात वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली गाडून घेऊन पडून राहते. वर पावसाचा आणि गडगडाटाचा हादरा बसला, की जागी होऊन बाहेर येते. मग जी घाई उडते ती काही विचारू नका. डबके आटायच्या आत लग्न, अंडी, पोरे आणि पोरांची शिक्षणे, सगळे उरकायचे असते. अंडी एखाद्या दिवसात फुटतात, आणि आठवडा-दीड आठवड्यात शेपटी टाकून पिल्ले चालायला लागतात. जूनमधल्या शेवटच्या मुहूर्तावर कार्य उरकणाऱ्या वधूपित्याला या बेडकाची मनःस्थिती कळेल.

दुसरा एक मोठा बेडूकही याच दिवसांत निघतो. त्याच्या अंगातून विषारी, झिंग आणणारा द्रव पाझरतो. काही साहसी जीवांनी त्याचा भलताच अर्थ घेतल्यावर २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला जाहीर विनंती करावी लागली, की कृपया बेडूक चाटू नका. आमच्या उद्यानांत 'फुले तोडू नका' ही पाटी असते. प्रगत देशाच्या समस्याही प्रगत असतात.

या पावसाला बोलावण्याची तऱ्हाही ऐका. २४ जून हा बाप्तिस्त संत जॉनचा दिवस. टूसॉनच्या मेक्सिकन वस्तीत तो पावसाच्या आरंभाचा दिवस म्हणून मिरवणूक काढून साजरा होतो. आणि त्याच दिवशी आपल्या गोव्यात सांजांव! डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून तरुण मंडळी भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. संत एक, तारीख एक. एकीकडे पाण्यात उडी, दुसरीकडे पाण्याची वाट.

त्याहूनही जुनी रीत तोहोनो ओओधाम लोकांची. त्यांच्या नावाचा अर्थच 'वाळवंटाची माणसे'. जून-जुलैत सग्वारो या उंच निवडुंगाला तांबडी फळे येतात. वाळलेल्या सग्वारोच्याच काठ्या जोडून केलेल्या लांब आकडीने ती पाडायची, रस आटवून पाक करायचा, त्याचे मद्य आंबवायचे, आणि ते पिऊन, गाणी म्हणून पावसाला खाली उतरवायचे. तिथून त्यांचे नवे वर्ष सुरू होते. पूर्वी ओढ्यांच्या मुखाशी बांध घालून पुराच्या पाण्यावर ते टेपरी नावाचे कडधान्य पिकवत. आपली मटकी जशी थोडक्या पाण्यात निभावून नेते, तशी ही तिची दूरची मैत्रीण. शेकडो वर्षे या मंडळींनी हबूब पाहिले, पूर पाहिले आणि कोरडी वर्षेही पाहिली. त्यांना दवबिंदू मोजावा लागला नाही.

सग्वारोचे तरी काय सांगावे! अंगाला बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या चुण्या. पाऊस आला की उथळ पसरलेली मुळे शेकडो लिटर पाणी ओढतात, भाता उघडतो आणि सडपातळ निवडुंग काही दिवसांत लठ्ठ दिसू लागतो. मग ती पुंजी तो जपून जपून वापरतो. खांद्याला पहिली फांदी फुटायलाच त्याला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. आमच्या पिढीला काटकसर शिकवणाऱ्या आजीची आठवण व्हावी, असे झाड.

न-सून

काही वर्षी हा पाऊस येतच नाही. तेव्हा 'मान्सून' शब्दाची मोडतोड करून लोक त्याला 'नॉनसून' म्हणतात. मराठीत आपण 'न-सून' म्हणू. २०२० साली टूसॉनला सगळ्या मोसमात मिळून सुमारे ४१ मिलिमीटर पाऊस झाला. लगेच २०२१ साली ३२५! फीनिक्सला २०२३ साली तर अवघा चार मिलिमीटर, नोंदी ठेवू लागल्यापासूनचा सर्वांत कोरडा मान्सून. त्याच उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर होता. फीनिक्स ज्या मॅरिकोपा परगण्यात येते, तिथे त्या वर्षी उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघर माणसे होती, एकटे राहणारे म्हातारे होते, घरातले यंत्र बंद पडलेले लोक होते. 'कोरडा उष्मा' हा विनोद तिथे येऊन संपतो. नळाला पाणी येते ते कोलोरॅडो नदीचे, सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने उचलून आणलेले. त्या नदीच्या पाण्यातही २०२१ साली पहिल्यांदा अधिकृत तुटवडा जाहीर झाला. व्हरांड्यात खुर्च्या टाकून ढगांकडे पाहणारी माणसे नुसती गंमत पाहत नसतात, हे तेव्हा ध्यानात येते.

आणि एवढे होऊन तो आला, की काय होते? आधी वास येतो. तिथे क्रिओसोट नावाचे एक खुरटे झुडूप माळभर पसरलेले आहे. त्याची राळ लागलेली पाने ओली झाली, की रानभर एक कडवट, औषधी दरवळ सुटतो. टूसॉनकराला विचारा, पावसाचा वास कसा असतो, तो या झुडपाकडे बोट दाखवील. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाला ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'पेट्रिकोर' हे नाव दिले. आपल्या कनोजच्या अत्तारांनी तो त्याच्या कितीतरी आधी कुपीत भरला होता. आमची बहीण डोळे मिटून तो क्रिओसोटचा वास घेत होती. आम्ही विचारले, "गावची आठवण येते?" ती म्हणाली, "पहिली दोन-तीन वर्षे यायची, दादा. आता याच वासाची वाट पाहते."

मोठ्या भावाने यावर काय बोलावे? मुलगी सासरी रमली, एवढेच मनात म्हणायचे.

तिने परसात पाऊस मोजायची नळी लावली आहे. दर सरीनंतर ती आणि शेजारीपाजारी आपापले आकडे एकमेकांना ऐकवतात. यंदा श्रावणात तिचा निरोप आला, '०.३८ इंच!!!' आकड्यापेक्षा उद्गारचिन्हेच मोठी. आम्ही हिशेब केला, साडेनऊ मिलिमीटरच्या थोडा वर भरला. त्या वेळी आमच्या खिडकीबाहेर चार दिवसांची झड लागली होती, कपडे वाळत नव्हते आणि भिंतीला ओल आली होती. निरोप वाचून दाखवला, तेव्हा सौभाग्यवती दमट टॉवेल झटकत म्हणाल्या, "तिला म्हणावे, अभिनंदन! आणि जपून वापर."